चुलीच्या धुराचा हिशेब

थंडीचे दिवस सुरू झाले की दिल्लीच्या हवेची बातमी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या हवेचीही तिच्यात भर पडली आहे. बांधकामांची धूळ, मोटारींचा धूर, कारखान्यांची धुराडी यांवर लेख लिहिले जातात, न्यायालये सरकारला जाब विचारतात, विधिमंडळात प्रश्न उपस्थित होतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु या चर्चेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. दूषित हवा दाराबाहेर असते आणि दार लावून घेतले की माणूस तिच्यापासून सुरक्षित होतो, असे ते गृहीत आहे. देशातील कोट्यवधी घरांच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे सर्वांत दूषित हवा घरातच असते. आणि ज्यांचा दिवसाचा बहुतेक वेळ घरात जातो त्या स्त्रिया, त्यांच्या कडेवरची मुले आणि अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे यांनाच ती सर्वाधिक भोगावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसांना अकाली मृत्यू आला. त्यांत पाच वर्षांखालील बालकांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. हे मृत्यू एखाद्या अपघातासारखे डोळ्यांत भरत नाहीत. बालकाचा मृत्यू न्यूमोनियाच्या नावावर मांडला जातो, चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रीचा दम्याच्या, पुरुषाचा हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या. मृत्यूच्या दाखल्यावर धूर हे कारण कधीच लिहिले जात नाही. म्हणूनच या प्रश्नावर मोर्चा निघत नाही आणि कोणत्याही मंत्र्याला त्यासाठी उत्तर द्यावे लागत नाही.

धुराची ही गोष्ट नवी नाही. लाकूड, गोवऱ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या हे सरपण चुलीत पूर्णपणे जळत नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो आणि त्याबरोबर काजळीचे अतिसूक्ष्म कण हवेत पसरतात. यांतील मोठे कण नाकात व घशात अडकतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तेथून रक्तावरही परिणाम करतात. सरपण ओले असेल तर धूर अधिक होतो, आणि पावसाळ्यात कोरडे सरपण ही गरिबाच्या घरातील चैनीची वस्तू ठरते. धाब्याच्या घराला छतात उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी साणे ठेवण्याची जुनी पद्धत होती. पत्र्याच्या नव्या खोलीत तेही राहिले नाही. चोरीच्या आणि थंडीच्या भीतीने खिडकी लहान ठेवली जाते, पुष्कळदा ठेवलीच जात नाही.

कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणे लावून या धुराचे मोजमाप केले. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या श्वासात घनमीटर हवेमागे लहानमोठे सर्व कण धरून सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम इतके कण जातात, असे त्यांना आढळले. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. त्या धुराला आकडा मिळाला तो येथे. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे दाखवून दिले की, जगात धूम्रपान करणारी माणसे सुमारे एक अब्ज असली तरी सरपणाच्या धुरात राहणारी माणसे तीन अब्ज आहेत, आणि म्हणून श्वासनलिका कायमच्या आकुंचित करणाऱ्या दीर्घकालीन रोगाचे जगातील सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट नसून चूल असण्याचा संभव आहे. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेली खेड्यातील स्त्री पन्नाशीत जिना चढताना धापा का टाकते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

आज परिस्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४३.८ टक्के होते. प्रगती झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु हाच आकडा फोडून पाहिला तर शहरांत तो ८९.७ टक्के आणि खेड्यांत अवघा ४३.२ टक्के आहे. म्हणजे पाहणीच्या वेळी ग्रामीण भारतातील दर शंभरांपैकी छप्पन-सत्तावन्न घरांत चूल हेच स्वयंपाकाचे मुख्य साधन होते. शिवाय ही पाहणी मुख्य इंधन कोणते एवढेच विचारते. ज्या घरात गॅसवर चहा होतो आणि चुलीवर भाकरी, तेथील धूर या आकड्यांत दिसत नाही.

या स्थितीचे कारण सांगताना सुशिक्षित वर्गात एक उत्तर नेहमी तयार असते. खेड्यातील लोकांना चुलीवरच्या भाकरीची चव सोडवत नाही, सवय सुटत नाही, आरोग्याची जाणीव नाही, असे ते उत्तर आहे. यात सत्याचा थोडा अंश आहे. पण सवय हे कारण पुढे करणाऱ्यांनी ती कोणत्या हिशेबावर टिकून राहते, हेही पाहिले पाहिजे. सरपण फुकट मिळते, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक ते फुकट नसते. त्यासाठी स्त्री पहाटे उठून रानात जाते, मोळी डोक्यावर घेऊन येते, शेण गोळा करून गोवऱ्या थापते, त्या वाळवते, पावसाआधी उडवा रचून झाकून ठेवते. या श्रमांना बाजारात भाव नाही, म्हणून कुटुंबाच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य धरली जाते. घरच्यांसाठी रांधण्याचे श्रम तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतही धरले जात नाहीत. तिच्या फुप्फुसाची झीज कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. उलट गॅसच्या सिलिंडरसाठी रोख पैसे मोजावे लागतात आणि रोख पैसा बहुधा पुरुषाच्या हाती असतो. एका बाजूला शून्य किमतीचे सरपण आणि दुसऱ्या बाजूला रोखीचा गॅस, अशी तुलना जोवर होत राहील तोवर चूल पेटतच राहणार. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता घरातील धूर हा अज्ञानाचा परिणाम कमी आणि स्त्रीचे श्रम व तिचे आरोग्य यांना शून्य किंमत देणाऱ्या व्यवस्थेचा परिणाम अधिक आहे.

हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखालील ग्रामोद्योगाच्या परंपरेत, १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला. पुढे तेलसंकटानंतरच्या काळात सरकारचे लक्ष या विषयाकडे वळले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. कागदावर हे यश मोठे दिसते. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच चुली थोड्याच काळात फुटल्या, मोडल्या किंवा बाजूला पडल्या. कारणे साधी होती. किती चुली बसवल्या यावर अनुदान अवलंबून होते. किती चुली दोन वर्षांनंतरही पेटतात यावर नव्हते. धुराडे काजळीने तुंबले तर ते कोणी साफ करायचे, हे ठरलेले नव्हते. भाकरीचा तवा, दुधाचे पातेले आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा ही भांडी चुलीच्या तोंडावर नीट बसतात की नाही, हे रांधणाऱ्या बाईला विचारण्याचे पुष्कळ ठिकाणी कोणाच्या मनातही आले नाही. जेथे गावातच चूल घालणाऱ्या स्त्रिया शिकून तयार झाल्या आणि त्यांना दुरुस्तीचे पैसे मिळत राहिले, तेथे चुली टिकल्या. हा अनुभव पुढच्या योजनांनी ध्यानात घ्यावयास हवा होता.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये योजनेतील आठ कोटीवी जोडणी तेव्हाच्या औरंगाबादेत समारंभपूर्वक देण्यात आली, आणि पुढे ही संख्या दहा कोटींच्या वर गेली. गरीब स्त्रीच्या नावाने गॅसची जोडणी देण्याचे हे काम लहान नाही आणि विरोधी पक्षात आहोत म्हणून कोणी ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु जोडणी देणे आणि गॅस जळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ मधील अहवालात असे नमूद आहे की, जोडणीला एक वर्ष पूर्ण झालेल्या ३.१८ कोटी लाभार्थींनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये ही सरासरी चाराच्या आसपास आणि २०२४-२५ मध्ये साडेचाराच्या घरात गेली. सुधारणा आहे, पण सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या कुटुंबाला वर्षाला साधारण सहा ते आठ सिलिंडर लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे सांगावयास नको.

याचा हिशेब मजुरीच्या भाषेत मांडला म्हणजे चित्र स्पष्ट होते. एप्रिल २०२५ मधील पन्नास रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत १४.२ किलोच्या सिलिंडरचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरवण्यात आली होती. उज्ज्वलाच्या लाभार्थीला ३०० रुपये अनुदान धरले तरी तिचे सिलिंडर जवळजवळ पावणेदोन दिवसांच्या मजुरीचे होते. आणि हे अनुदान दुकानावर वजा होत नाही. आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते आणि मग अनुदान बँकेच्या खात्यात जमा होते. म्हणजे सिलिंडर घरात येण्याच्या दिवशी पावणेतीन दिवसांची मजुरी एकरकमी हातात असावी लागते. शेतमजुराच्या घरात पैसा आठवडी बाजाराच्या मापाने येतो आणि जातो. सिलिंडरचे माप महिन्या-दोन महिन्यांचे आहे. त्यात जून २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे हे अनुदान बंदच होते, आणि मे २०२२ मध्ये सिलिंडरचा दर हजार रुपयांवर गेला. ज्या स्त्रीने एकदा या चढउताराचा अनुभव घेतला, ती चूल मोडून टाकण्याचे धाडस कसे करील? चूल राखून ठेवणे हा तिचा अडाणीपणा नसून व्यवहाराचा शहाणपणा आहे.

किंमत हाच मुख्य अडसर आहे, याचा पुरावा अलीकडच्या एका मोठ्या प्रयोगाने दिला आहे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि भारतातील तमिळनाडू येथे मिळून ३,२०० गर्भवती स्त्रियांचा या प्रयोगात समावेश होता. त्यांतील निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष पुरेल इतका गॅस विनामूल्य घरपोच देण्यात आला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गॅस मिळालेल्या घरांनी चूल जवळजवळ पूर्णपणे सोडली आणि स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ पर्यंत उतरले. चव, सवय, परंपरा यांपैकी काहीही आड आले नाही. त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. जन्मणाऱ्या बालकांच्या वजनात अपेक्षित वाढ आढळली नाही. गर्भारपण सुरू झाल्यावर मिळालेला गॅस कदाचित उशिरा मिळालेला गॅस असेल. आणि २४ हा आकडादेखील जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या वार्षिक मर्यादेच्या, म्हणजे ५ मायक्रोग्रॅमच्या, जवळजवळ पाचपट आहे. शेजारच्या दहा घरांत चुली पेटत असतील तर एका घरातील शेगडी कितीही स्वच्छ असली तरी त्या घराची हवा वस्तीच्या हवेपेक्षा फार वेगळी राहू शकत नाही. घरातील हवा ही खासगी मालमत्ता नाही, ती सामाईक आहे, एवढा धडा यातून निश्चित घेता येतो.

खेडे सोडून शहरात आलेल्या कुटुंबाची चूल सुटते. धुराचा प्रश्न मात्र रूप बदलून त्याच्याबरोबर येतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत ब्रिटिश सरकारने सुधार न्यास स्थापन केला. या न्यासाने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी. तरीही दोन इमारतींमध्ये किती अंतर असावे याविषयी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा एक नियम त्याने रूढ केला. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये. तरच तळमजल्याच्या खोलीत उजेड आणि वारा पोचतो. स्वतंत्र भारताच्या महानगरात, एकविसाव्या शतकात, प्रकल्पग्रस्त गरिबांसाठी गोवंडीत नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे सात-आठ मजली इमारतींमध्ये अंतर आहे सुमारे तीन मीटर आणि घर आहे २२५ चौरस फुटांचे. जुन्या नियमाने तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची, म्हणजे जेमतेम दोन मजले शोभले असते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या भागातील पुनर्वसन वसाहतींत उजेड व वारा यांचा अभाव आणि क्षयरोगाचे मोठे प्रमाण यांचा संबंध दाखवण्यात आला. खालच्या मजल्यांवर ही स्थिती अधिक वाईट होती. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. वाहता वारा त्यांना पातळ करतो आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. ज्या इमारतीच्या नकाशातच वारा आणि ऊन वगळले गेले, तेथे नुसत्या गोळ्यांनी क्षय हटेल अशी अपेक्षा करणे फोल आहे. येथे नियम नव्हते असे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने दमट उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे असे सांगितले आहे. गरिबांच्या पुनर्वसनाची वेळ आली की नियमांत सवलत दिली जाते. ती सवलत बिल्डरच्या चटईक्षेत्रात जमा होते आणि रहिवाशाच्या फुप्फुसातून वजा होते.

घर हेच कामाचे ठिकाण असते तेथे हा अन्याय दुहेरी होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला खेळती हवा मिळावी आणि धूळ व धूर बाहेर काढण्याची व्यवस्था असावी, अशी मालकावर सक्ती केली. कामगार चळवळीने मिळवलेला हा हक्क होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानेही कारखान्याच्या जागेसाठी वायुवीजनाच्या तरतुदी केल्या. पण सोलापुरात सुपात तंबाखू घेऊन आपल्याच घरात विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या खोलीपर्यंत या तरतुदी पोचल्या नाहीत. तंबाखूची धूळ ती, तिची मुले आणि त्याच खोलीत झोपणारे सासूसासरे सर्वजण श्वासाबरोबर घेतात. मालकाने कारखाना घरात ढकलला, त्याबरोबर कारखान्याची हवाही घरात ढकलली, आणि ती हवा शुद्ध ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर सोडून दिली.

याखेरीज काही कारणे अशी आहेत की ती गरीब आणि मध्यमवर्गीय दोन्ही घरांत आढळतात, आणि त्यांवर घरातल्या घरात उपाय करता येतात. डास मारण्याची उदबत्तीसारखी कॉइल हे त्यांतील पहिले. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. दारेखिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही चांगली. परंतु मच्छरदाणीबरोबर उघडी गटारे आणि साचलेली डबकी यांचाही विचार केला पाहिजे. तो नगरपालिकेचा विषय आहे. धूप, उदबत्ती, कापूर यांचाही धूर शेवटी धूरच असतो. श्रद्धेचा मान राखूनही देवघराची खिडकी उघडी ठेवता येते आणि तान्ह्या मुलाला तेथून दूर ठेवता येते. घरात ओढलेली विडी ही ओढणाऱ्या एकट्याची नसते. सार्वजनिक ठिकाणी कायद्याने बंदी आली तशी घरात ती घरच्यांनी आणली पाहिजे.

गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवणे हा तर प्राणघातक निष्काळजीपणा आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, आणि माणसाला धोका कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा. थंडीत शेकोटीची पाटी किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. तिचे बीजकण दमेकऱ्याचा त्रास वाढवतात. नुसता रंग लावून ती जात नाही, गळती बंद करावी लागते. भाड्याच्या खोलीत आणि सरकारी इमारतीत ती बंद करणे हे मालकाचे काम आहे, भाडेकरूचे नव्हे. जेथे चूल सुटणे आज शक्य नाही, तेथे सरपण वर्षभर कोरडे ठेवणे, धुराड्याची चूल घालून धुराडे वेळोवेळी साफ करणे, चुलीच्या वर झरोका उघडणे आणि रांधताना लहान मूल चुलीपासून दूर दुसऱ्या कोणाकडे सोपवणे, एवढे तरी केले पाहिजे.

हे उपाय उपयोगाचे आहेत. पण ते पुरेसे आहेत असे मानणे ही स्वतःची फसवणूक होईल. ज्यांना परवडते त्यांनी हवा शुद्ध करणारी यंत्रे विकत घेण्यास सुरुवात केली आहे. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत जे घडले तेच हवेच्या बाबतीत घडू पाहत आहे. सार्वजनिक व्यवस्था बिघडू द्यायची, आणि मग ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने शुद्ध पाणी बाटलीतून आणि शुद्ध हवा यंत्रातून विकत घ्यायची, हा मार्ग समाजवादी विचाराला मान्य होण्यासारखा नाही. खिडकी उघडा, असा उपदेश करणाऱ्याने आधी त्या घराला खिडकी आहे काय, आणि ती उघडल्यावर समोर तीन मीटरवर दुसऱ्याची भिंत आहे काय, हे पाहिले पाहिजे.

म्हणून या प्रश्नावर ठोस मागण्या कराव्या लागतील. पहिली मागणी अशी की, उज्ज्वलाचे अनुदान मजुरीच्या दराशी जोडावे आणि ते मागाहून खात्यात न जमवता सिलिंडर घेतानाच किमतीतून वजा करावे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची अन्नपूर्णा योजना जाहीर झाली. तिची दिशा बरोबर आहे, पण आधी पैसे भरा आणि मग मिळवा, ही पद्धत गरिबासाठी अडसरच ठरते. दुसरी मागणी, पाच किलोचे लहान सिलिंडर रास्त भाव दुकानांतून सवलतीच्या दराने आणि अखंडपणे मिळावे, म्हणजे आठवड्याच्या मजुरीत ते बसेल. तिसरी, ग्रामीण घरकुल योजनेत २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. ती नकाशावर न राहता धुराडे किंवा झरोका यांसह प्रत्यक्षात बांधली गेली आहे, हे पाहूनच शेवटचा हप्ता द्यावा. चौथी, पुनर्वसनाच्या इमारतींना उजेड व वारा यांच्या नियमांतून कोणतीही सूट असू नये. पाचवी, घरी काम करणाऱ्या विडी कामगारांसाठी हवेशीर सामाईक कामाच्या जागा मालकांच्या खर्चाने उभ्या राहाव्यात.

कार्यकर्त्यांचे काम मागणीपत्र देण्याने संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावात किंवा वस्तीत किती घरांत गॅस आहे, एवढेच न विचारता गेल्या वर्षात किती सिलिंडर आले, हे विचारावे. किती घरांत खिडकी नाही, किती स्त्रियांना वर्षानुवर्षे खोकला आहे, किती मुलांना न्यूमोनिया होऊन गेला, याची यादी करून ती ग्रामसभेपुढे आणि आरोग्य केंद्रापुढे ठेवावी. ही माहिती पुरुषांच्या बैठकीत मिळणार नाही. ती स्वयंपाकघरातच मिळेल, आणि त्यासाठी स्त्री कार्यकर्त्यांना पुढे यावे लागेल.

स्वयंपाकघराचा प्रश्न राजकीय होऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदी नेत्यांनी महागाईविरोधी महिला समितीच्या रूपाने पक्षभेद बाजूला ठेवून हजारो गृहिणींना रस्त्यावर आणले. त्यांच्या हातात लाटणी आणि थाळ्या होत्या. धान्य, तेल, रॉकेल यांच्या टंचाईबद्दल सरकारला उत्तर द्यावे लागले. तोवर घरची अडचण म्हणून जी गोष्ट प्रत्येक स्त्री एकटी सोसत होती, ती त्या मोर्चांमुळे सार्वजनिक प्रश्न ठरली. धुराचे तसे अजून झालेले नाही. आजही पहाटे चुलीपुढे बसलेली बाई फुंकणीने जाळ करते, पदराने डोळे पुसते, आणि हा आपल्या नशिबाचा भाग आहे असे मानून भाकरी थापते. तो तिच्या नशिबाचा भाग नाही, सरकारच्या अंदाजपत्रकाचा आणि इमारतीच्या नकाशाचा भाग आहे, हे तिला समजावून सांगणे आणि मग तिच्याबरोबर जाऊन ते अंदाजपत्रक आणि तो नकाशा बदलून घेणे, हे चळवळीचे काम आहे.